विशारद म्हणजे बी.ए. नव्हे

"बाई, हिचं विशारद पूर्ण झालंय, म्हणजे संगीतातलं बी.ए. झाल्यासारखंच ना? मग कॉलेजात परत तेच कशाला?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. कधी तो उलटा येतो: "कॉलेजात संगीत घेतलंय, आता क्लास बंद करू का?" दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे, आणि त्यापायी चांगल्या गळ्याच्या मुलांची दोन-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

विशारदाबद्दल फार सांगत नाही. घरात पेटी असलेल्यांना शास्त्रीय संगीताच्या परीक्षांची ती वाट पाठ असते: प्रारंभिक, दोन प्रवेशिका, दोन मध्यमा, मग विशारद प्रथम आणि पूर्ण, पुढे अलंकार. वर्षाला एक परीक्षा धरली तर विशारद पूर्ण व्हायला सात वर्षं. तोवर मूल बारावीच्या आसपास पोचलेलं असतं, त्यामुळे 'आता पुढे काय' आणि 'हीच पदवी का' हे दोन्ही प्रश्न एकाच महिन्यात येऊन पडतात.

गफलतीची सुरुवात नावापासून होते. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. 'महाविद्यालय' हा शब्द दिसला की माणसाला कॉलेज आठवतं आणि प्रमाणपत्र हातात आलं की पदवी. पण गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं घराण्यांच्या चार भिंतींबाहेर आणून सर्वसामान्यांना शिकवण्यासाठी. १९३१ साली ते गेले आणि त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभारलं. ह्या मंडळाने गावोगावच्या क्लासांना एक अभ्यासक्रम आणि एक मोजपट्टी दिली. माझ्यासारख्या लहान गावात शिकवणाऱ्यांवर त्याचे मोठे उपकार आहेत. पण मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे.

सगळे अडतात ते इथेच, म्हणून जरा सावकाश सांगते.

पदवी कोणी द्यायची हे आपल्याकडे कायद्याने ठरलेलं आहे. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं बाविसावं कलम सांगतं की कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनीच पदवी द्यावी. मंडळाची परीक्षा कितीही जुनी, कितीही कठीण आणि कितीही मानाची असली तरी तिचं प्रमाणपत्र हे प्रमाणपत्रच. उत्तरेकडच्या प्रयाग संगीत समितीची 'प्रभाकर' परीक्षा घ्या, तिथेही तेच.

"पण अमक्या जाहिरातीत विशारद चालेल असं लिहिलं होतं!" हो, लिहिलेलं असतं. शाळांमधल्या संगीतशिक्षकांच्या काही जागांना विशारद समकक्ष धरतात. गोंधळ होतो तो ह्या 'समकक्ष' शब्दाने. समकक्ष म्हणजे त्या कामापुरतं, त्या जाहिरातीपुरतं चालेल. लाइट बिल पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, जन्मतारखेचा पुरावा म्हणून कोणी घेत नाही, तसंच हे. संगीतशिक्षकाच्या एका जागेसाठी विशारद चाललं म्हणून ते बी.एड.च्या प्रवेशाला, राज्यसेवेच्या अर्जाला किंवा बँकेच्या परीक्षेला पदवी म्हणून चालत नाही. त्या अर्जांवर 'पदवीधर' ह्या रकान्यात विशारद लिहिता येत नाही.

माझ्याकडची एक मुलगी, गळा अतिशय गोड, तिने वाणिज्य शाखेचं दुसरं वर्ष सोडून दिलं. का, तर "विशारद झालंय, ती माझी पदवीच आहे" असं तिला कोणीतरी ठामपणे सांगितलं होतं. मला कळलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. तिला एम.ए. संगीत करायचं होतं आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत पदवी मागितली होती. पुन्हा बाहेरून बी.ए.ला बसावं लागलं. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, कारण माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलीला हे मी आधीच सांगायला हवं होतं. म्हणून क्लासच्या पाटीवर 'संगीत विशारद (बी.ए. समकक्ष)' असं रंगवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते कंसातले दोन शब्द काढून टाका.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू. मंडळ विचारतं, तुला काय येतं. ते तू कुठे शिकलीस, कोणाकडे शिकलीस, रोज किती बसलीस, ह्याच्याशी त्या परीक्षेला कर्तव्य नाही. सत्र जवळ आलं की लेखी, प्रात्यक्षिक, मंचप्रदर्शन, आणि संपलं. शिकवण्याचा सगळा भार तुमच्या गुरूवर. कॉलेज मात्र तीन-चार वर्षं तुमचा दिवस ताब्यात घेतं. सकाळी गाण्याचा तास, मग संगीताचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, ध्वनिशास्त्र, दुसऱ्या घराण्यांची ध्वनिमुद्रणं, शिवाय भाषेचे नि इतर विषय. बरोबरीला तबल्याची मुलं, पेटीची मुलं, नाटकाची, नृत्याची मुलं. घरच्या क्लासात मला हे देता येत नाही. ठेक्यावर तासन् तास गायला तबलजी मिळणं ही लहान गावात चैन आहे. चांगल्या विभागात तो शेजारच्या बाकावर असतो.

पण तिथे तालीम मिळेलच असं नाही. एका वर्गात वीस गळे, वीस पट्ट्या, पन्नास मिनिटं. त्यात बडा ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश फुलवायचं गाणं, बसत नाही, बसल्यासारखा वाटतो. म्हणून 'कॉलेजात घेतलंय, क्लास बंद करू का' ह्याला माझं उत्तर दर वेळी नाही असंच असतं. जिथे विभागानेच गुरुकुलाची रीत धरली आहे तिथली गोष्ट वेगळी. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून ह्या दिशेने चाललं आहे.

'बी.ए. संगीत' आणि 'बी.पी.ए.' (बॅचलर ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स) ह्यांतला फरक थोडक्यात: पहिल्यात बऱ्याच ठिकाणी संगीत हा इतर विषयांबरोबरचा एक विषय, दुसऱ्यात प्रयोगकला हेच मुख्य. कोणत्या कॉलेजात गाण्याचे तास आठवड्याला किती, हे माहितीपत्रकात पाहा आणि पुढे चला.

माझं मत विचाराल तर ते पक्कं आहे. गावात चांगला गुरू असेल आणि मूल त्याच्याकडे रमलं असेल, तर गाण्यासाठी गाव सोडू नका. जवळच्या कॉलेजात जमेल त्या विषयात पदवी घ्या, तालीम आणि परीक्षा चालू ठेवा. बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी, सोबत विशारद आणि प्रवेशचाचणी, एवढ्यावर एम.ए. संगीताचं दार उघडतं. एम.ए. नंतर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि प्राध्यापकीची वाट मोकळी. वाद्य, गळा, रियाज काहीही न मोडता. गायिका प्रभा अत्रे विज्ञानाच्या पदवीधर, मग कायद्याच्या, गांधर्वच्या अलंकार. तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे. सरगमवर त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे एस.एन.डी.टी.त संगीत विभागप्रमुख झाल्या. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., जैवरसायनात डॉक्टरेट, शिवाय विशारद; तालीम आईकडे, माणिक भिड्यांकडे. कोणत्या कागदाने काय दिलं आणि गाणं कोणी दिलं हे ह्या दोघींच्या आयुष्यात वेगवेगळं दिसतं.

ज्याला फक्त मैफल गायची आहे त्याला खरं तर ह्यातलं काहीच कोणी विचारत नाही. आकाशवाणीच्या ऑडिशनला पदवी लागत नाही, गळा लागतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, अठरा ते पंचवीस वयाला, दोन वर्षं महिना ५,००० रुपये. तीही गुरूकडे शिकण्यासाठीच.

मग संगीत घेऊन कॉलेजात कोणी जावं? गावात गुरूच नसेल त्याने जरूर जावं. ज्याला शिकवायचं आहे, लिहायचं आहे, संशोधन करायचं आहे, त्याने जावं. रोज चार तास बसायची ज्याला खरोखर भूक आहे आणि घरात ज्याला ते जमत नाही, त्यानेही जावं. "गणित नको म्हणून संगीत" असं म्हणणाऱ्याने जाऊ नये. तिसऱ्या महिन्यात ताल चुकायला लागला की गणित बरं वाटतं. आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी घाईने परीक्षा उरकून निकालाच्या दुसऱ्या दिवशी तानपुरा माळ्यावर टाकणाऱ्यांनी ह्या चर्चेत पडायचंच कारण नाही.

जायचं ठरलं तर अर्ज भरण्याआधी एक दिवस त्या विभागात जाऊन बसा. पुणे असो, पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा संगीत महाविद्यालय असो, की सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली गायनशाळा काढली ते बडोदं असो. इमारत पाहू नका. तुमच्या वर्षाला गाणं कोण शिकवणार, कायम नेमणुकीवर की तासिका तत्त्वावर, एका गुरूकडे किती मुलं, दुपारी चारनंतर खोल्या रियाजाला उघड्या असतात का, हे विचारा. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घ्या आणि यमन ऐकवायला सांगा. पाच मिनिटं ऐका. मग गेल्या वर्षभरात तिने नवे राग किती घेतले आणि कोणाकडून घेतले ते विचारा. कॉलेजबाहेरच्या गुरूचं नाव आधी आलं, तर तुमच्या मुलीलाही त्या शहरात गुरू शोधावा लागणार आहे, आणि वसतिगृहाच्या आधी तो शोधा.