ओरांजच्या रोमन नाट्यगृहातली रात्र : दक्षिण फ्रान्स सहलीच्या प्रवाशांसाठी

आविन्योंच्या मुक्कामात एक रात्र आम्ही ओरांज गावच्या रोमन नाट्यगृहात ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, ऐकण्यासाठी राखून ठेवतो. "दिवसाच बघून, फोटो काढून निघू की, जागरण कशाला?" असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे पत्रक.

हे नाट्यगृह सम्राट ऑगस्टसच्या काळातलं, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं. रोमन नाट्यगृहं पुष्कळ उरली आहेत, पण रंगमंचामागची भिंत बहुतेक ठिकाणी ढासळली. इथली मात्र उभी आहे : 103 मीटर लांब, 37 मीटर उंच, साधारण बारा मजली इमारतीएवढी. माझ्या राज्यातली सर्वांत देखणी भिंत, असं फ्रान्सचा राजा चौदावा लुई म्हणाल्याचं सांगतात. मधल्या कोनाड्यात साडेतीन मीटरचा ऑगस्टस उभा आहे.

दिवसा ती नुसती भिंत दिसते. तिचं काम कळतं ते रात्री. समोर टेकडीच्या उतारावर अर्धवर्तुळात चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, पाठीशी ही भिंत. ऑपेराचा गायक माइकशिवाय गातो आणि आवाज भिंतीवरून परतून वरच्या रांगांपर्यंत पोचतो. हळू स्वर लागला की हजारो माणसं श्वास रोखून बसतात. ते फोटोत येत नाही.

मधली कित्येक शतकं इथे प्रयोग नव्हते. आत चक्क लोकांची घरं होती. एकोणिसाव्या शतकात ती हटवली, आणि 1869 मध्ये सुरू झालेला उन्हाळी संगीत महोत्सव आजही भरतो. 1981 पासून हे युनेस्कोचं वारसास्थळ आहे. रंगमंचावरचं काचेचं छप्पर मात्र 2006 चं. रोमन समजून त्याचं कौतुक करू नका!

आता कामाचं. जुलैत तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, प्रयोग अंधार पडल्यावर सुरू होतो आणि संपेपर्यंत मध्यरात्र उलटते. म्हणून त्या दिवशी दुपारी कार्यक्रम ठेवलेला नाही, झोप काढा. जेवण लवकर होईल. बसायला दगड आहे, तेव्हा घरून फुगवायची उशी आणाच. दिवसा कितीही उकडलं तरी स्वेटर किंवा शाल जवळ हवी, कारण मिस्ट्रल नावाचा उत्तरेचा वारा सुटला की उन्हाळ्यातही हुडहुडी भरते. पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच सांगा, खालच्या रांगा बघू. तिथलं तिकीट महाग असतं, जादा रक्कम आपल्याला भरावी लागेल.