फ्लेक्सवर ‘समस्त मित्र परिवार’ चालत नाही: निवडणूक जाहिरातीचे कागद

पुण्यात कुठल्याही चौकात उभं राहा, फ्लेक्सच्या तळाशी एक ओळ दिसतेच: ‘शुभेच्छुक – समस्त मित्र परिवार’. भाऊंच्या वाढदिवसाला ते खपून जातं. निवडणूक लागली की कायदा याच मित्र परिवाराचं नाव आणि पत्ता मागतो. प्रचाराच्या छपाईचं आणि जाहिरातींचं काम ज्याच्या गळ्यात पडतं (बहुतेक वेळा कुणाच्या तरी पुतण्याच्या), त्याच्यासाठी हे लिहितोय. आधी विधानसभा-लोकसभेचे नियम. महापालिकेचं शेवटी, कारण ते खातंच वेगळं आहे.

छपाईला लागू होतं ते लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम १२७ क. पत्रक असो वा पोस्टर, दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशक म्हणजे जो छापून घेतोय तो. त्यानं आपल्या ओळखीचं घोषणापत्र दोन प्रतींत सही करून प्रेसला द्यायचं, आणि त्याला स्वतः ओळखणाऱ्या दोघांनी ते साक्षांकित करायचं. इथेच घोळ होतो. नारायण पेठेत प्रेसवाल्यासमोर बसल्यावर साक्षीदारांची आठवण येते, मग कोथरूडहून कुणाला तरी गाडीवर बोलावलं जातं. दोघांना सोबतच घेऊन जा. प्रेसवाला घोषणापत्राची एक प्रत आणि छापलेला नमुना जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो. भारत निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार छपाईनंतर तीन दिवसांत साहित्याच्या चार प्रती, किती छापलं आणि किती पैसे घेतले याच्या माहितीसह जातात. म्हणजे तुम्ही हिशेबात ५,००० पत्रकं दाखवलीत आणि प्रेसनं २०,००० कळवली, तर फरक सरकारदरबारी आधीच पोचलेला असतो. कलम मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘आम्ही छापलंच नाही, झेरॉक्स काढल्या’ हा युक्तिवाद मी ऐकलाय. चालत नाही. हातानं नक्कल करणं सोडून प्रती काढायची कुठलीही पद्धत कायद्याच्या लेखी छपाईच. सभेची फक्त तारीख, वेळ, ठिकाण सांगणारा कागद मात्र यातून सुटतो. त्यात ‘प्रचंड बहुमतानं विजयी करा’ घातलंत की सुटका संपली. होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशक हवेतच, हे आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

टीव्ही, केबल, एफएम, थिएटर, चौकातली एलईडी स्क्रीन, बल्क एसएमएस, रेकॉर्ड केलेले फोन आणि समाजमाध्यमांवरच्या पैसे मोजून दिलेल्या जाहिराती यांना आधी प्रमाणपत्र लागतं. मूळ आहे सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशात. प्रमाणपत्र देते माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती. सगळे तिला एमसीएमसीच म्हणतात. उमेदवारानं जिल्हा समितीकडे जायचं, पक्षाच्या राज्य कार्यालयानं राज्यस्तरीय समितीकडे.

मुदत अर्जदारावर ठरते. नोंदणीकृत राष्ट्रीय आणि राज्य पक्ष व उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा. बाकी कुणीही, संस्था असो वा व्यक्ती, सात दिवस आधी. विहित नमुन्यातल्या अर्जासोबत जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती आणि साक्षांकित संहिता, म्हणजे जाहिरातीत बोललेला शब्दन् शब्द कागदावर. निर्मितीचा खर्च वेगळा आणि प्रसारणाचा वेगळा लिहायचा, तोही फोड करून. समजा, एका वेळचा दर १,२०० रुपये, दिवसाला १० वेळा, पाच दिवस, तर ६०,००० रुपये असं मांडायचं. ‘अंदाजे साठ हजार’ एवढंच नाही. पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टनं देऊ, हेही लिहून द्यावं लागतं.

अर्जातला सगळ्यात नाजूक रकाना म्हणजे ही जाहिरात कुणाच्या फायद्यासाठी आहे? अर्जदार पक्ष किंवा उमेदवार नसेल, तर जाहिरात कुठल्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्याची नाही आणि तिचे पैसे त्यांनी दिलेले नाहीत, हे त्याला शपथेवर सांगावं लागतं. उमेदवाराचा फोटो लावून ‘आम्ही फक्त हितचिंतक’ म्हणणारा इथे अडकतो. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्यासाठी जाहिरातीवर खर्च केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परवानगी घेतली, तर तो खर्च उमेदवाराच्या खात्यात मोजला जातो, आणि महाराष्ट्रात विधानसभेची मर्यादा ४० लाख आहे. हितचिंतक फुकट पडत नाहीत.

वर्तमानपत्राच्या जाहिरातीला एरवी हे प्रमाणपत्र लागत नाही. मतदानाच्या दिवशीच्या आणि आदल्या दिवशीच्या अंकाला लागतं. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला १९ आणि २० तारखेचे अंक त्यात आले. टीव्हीवर तर मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचारच बंद, प्रमाणपत्र असलं तरी.

उमेदवारानं स्वतःच्या खात्यावर नुसती पोस्ट टाकली तर प्रमाणपत्र नको. तीच पोस्ट पैसे देऊन बूस्ट केली की ती जाहिरात झाली. फेसबुकवर त्याआधी जाहिरातदाराची ओळख पडताळून घ्यावी लागते आणि पैसे कुणी दिले ते जाहिरातीवर दिसतं. पडताळणी ऐन वेळी सुरू करू नका. एआयनं चित्र किंवा आवाज बनवला असेल, तर ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेप्रमाणे तसं लेबल हवं. चित्रात ते किमान १० टक्के जागेवर, आवाजात सुरुवातीच्या १० टक्के वेळात, आणि बनवणाऱ्याच्या नावासह.

महापालिका निवडणूक भारत निवडणूक आयोगाकडे नसते. ती राज्य निवडणूक आयोग घेतो आणि जाहिरात प्रमाणनाचे त्याचे आदेश वेगळे आहेत. त्यामुळे विधानसभेचा जुना अर्ज नाव बदलून पालिकेच्या वेळी देऊ नका. होर्डिंगच्या जागेची परवानगी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडून (होर्डिंगचे परवाने देणारं खातं) घ्यायची असते, तिचा जाहिरातीच्या मजकुराशी संबंध नाही. दोन्ही कागद फाइलला लावा, आणि प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.