यवतमाळची फवारणी: विषबाधेमागचा इतिहास

गावात कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. 'औषध' म्हणतात. कृषी सेवा केंद्रातून औषध आणायचं, पंपात टाकायचं आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मारायचं. 2017 च्या पावसाळ्यात हे औषध मारता मारता यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. औषध या शब्दानेच निम्मी भीती घालवून टाकली आहे, असं मला वाटतं.

याबाबतचा आपला कायदा एका जुन्या दुर्घटनेतून आला. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेला गहू खाण्यात येऊन शंभरावर माणसं मेली. चौकशी आयोग बसला आणि दहा वर्षांनी, 1968 मध्ये कीटकनाशक कायदा झाला. 1971 च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपड्यांची तरतूदही आली. पण रोजाने पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत ती कधी पोचलीच नाही.

2002 मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक बदललेलं वाण आलं, तेव्हा फवारण्या कमी होतील असं सांगितलं गेलं. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. 2017 मध्ये पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. नोझल वर धरून मारलं की फवारा तोंडावर, छातीवरच यायचा. दमट उकाडा, अंगाला चिकटलेला ओला सदरा, तोंडाला फार तर रुमाल. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, त्यात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनसारखी जोड औषधं. वापराची माहिती खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

प्रोफेनोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात आणि मज्जासंस्थेचा संदेश थांबवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नजर अंधुक होते आणि शेवटी श्वास अडतो. वेळेत अ‍ॅट्रोपिन हा उतारा मिळाला तर माणूस वाचू शकतो. पण डायफेन्थियुरॉनसारख्या औषधावर उतारा नाही.

डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारी असल्याची खूण असलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकावर बंदीचा विचार करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने भारताला 2009 मध्येच सुचवलं होतं. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात तेच उतरलं आणि 23 मुलं गेली. यवतमाळनंतर ते नाव पुन्हा पुढे आलं. त्याच्या 36 टक्के द्रावणावर केंद्राची बंदी आली ती 2023 मध्ये.