हेडलाइट उजळणे

मोटारीच्या पुढच्या दिव्यांवरील पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक आवरण पिवळे किंवा धुरकट झाल्यावर ते ओल्या पॉलिश पेपरने घासून, पॉलिश करून आणि वर संरक्षक लेप देऊन पुन्हा स्वच्छ करण्याची क्रिया. गॅरेजात तिला ‘हेडलाइट पॉलिश’ किंवा नुसते ‘बफिंग’ म्हणतात. मुंबईत या आवरणाला सर्रास ‘काच’ म्हटले जाते. ही काच नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण घरी होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ या एका शब्दात आहे. काच समजून तिच्यावर थिनर ओतला जातो, कोरड्या फडक्याने धूळ रगडली जाते आणि घासून लख्ख केल्यावर काम संपले असे मानले जाते.

खरी काच असलेले दिवे मुंबईने अनेक दशके पाहिले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमिअर पद्मिनीचे गोल दिवे काचेचेच होते. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. त्या दिव्यांना तडा जाई, आतला परावर्तक काळवंडे किंवा गंजे, पण काच पिवळी पडत नसे. त्यामुळे त्या पिढीच्या चालकांना ही क्रिया ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

पॉलिकार्बोनेटच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावर दोन मते आहेत. म्यूनिकमध्ये रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेट आइनहॉर्न यांनी 1898 साली कार्बोनेट वर्गातील बहुवारिकांवर (पॉलिमरांवर) काम केले होते. हीच सुरुवात मानण्याकडे काही लेखकांचा कल दिसतो. परंतु त्यांच्या पदार्थांतून वापरण्याजोगे प्लास्टिक निघाले नाही आणि तो विषय पुढे जवळजवळ अर्धशतक पडून राहिला. 1953 मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हेरमान श्नेल यांनी बिस्फेनॉल-ए पासून आजचे पॉलिकार्बोनेट बनवले. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनिअल फॉक्स यांना तारांवरील विद्युत्‌रोधक लेपासाठी प्रयोग करताना तोच पदार्थ सापडला. दोघांच्या कामात केवळ काही दिवसांचे अंतर असावे. पेटंटचा अग्रहक्क बायरला मिळाला, पण त्याआधीच दोन्ही कंपन्यांनी आपसांत समझोता केला होता. श्रेय दोघांनाही स्वतंत्रपणे देणे अधिक रास्त वाटते. बायरचे ‘मॅक्रोलॉन’ 1950 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले, जनरल इलेक्ट्रिकचे ‘लेक्सान’ त्यानंतर लवकरच.

मोटारीच्या दिव्यांत पॉलिकार्बोनेटचा शिरकाव उशिरा झाला. अमेरिकेत 1940 पासून ठरावीक मापाचे, सीलबंद काचेचे दिवेच सक्तीचे होते. हा नियम 1983 मध्ये शिथिल झाला आणि 1984 च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीवर बदलता येणारा बल्ब व प्लास्टिकचे आवरण असलेले दिवे आले. हलके, न फुटणारे, हवा तसा आकार घेणारे, म्हणून ते जगभर पसरले. भारतात ते साधारणतः 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून रुळत गेले.

पॉलिकार्बोनेट पिवळे का पडते? सूर्यप्रकाशातील जंबुपार (अतिनील) किरण त्याच्या रेणुसाखळ्यांवर दोन प्रकारे परिणाम करतात. पहिला मार्ग ‘फोटो-फ्रीस पुनर्रचना’ हा. त्यात कार्बोनेट बंध तुटून नव्याने जुळतो आणि पिवळी छटा देणारे गट तयार होतात. दुसरा मार्ग प्रकाशीय ऑक्सिडीकरणाचा. त्यात हवेतील ऑक्सिजन साखळीच्या बाजूच्या मिथिल गटांवर हल्ला करतो. जुन्या अभ्यासांत पहिल्या मार्गावर भर दिसतो. मात्र ती पुनर्रचना मुख्यतः 300 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांनी होते आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात असे किरण फारच थोडे असतात. म्हणून उघड्यावरच्या वस्तूंबाबत ऑक्सिडीकरणाला अधिक महत्त्व देण्याचा नंतरच्या संशोधनाचा कल जास्त पटतो. फोटो-फ्रीस प्रक्रिया सुरुवात करून देण्यापुरती जबाबदार असावी. दोन्हींतही बिघाड पृष्ठभागाच्या पातळ थरातच होतो. घासून उपाय करता येतो तो यामुळेच.

ही झीज टाळण्यासाठी कारखान्यात आवरणावर सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक जातीचा काही मायक्रॉन जाडीचा कठीण लेप दिलेला असतो. आधी मरतो तो हा लेप. आकाशाकडे कललेल्या वरच्या भागात तो प्रथम भेगाळतो, सोलल्यासारखा दिसतो, आणि मग खालचे प्लास्टिक उघडे पडते.

मुंबईत या पिवळेपणाचा दोष बहुधा खाऱ्या हवेला दिला जातो, काही जण बल्बच्या उष्णतेला देतात. मूळ कारण ऊन हेच मानणे योग्य. सोसायटीच्या आवारात वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहणारी गाडी पाहावी: भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीतला दिवा बराच स्वच्छ आणि उन्हाकडचा पिवळा, असे पुष्कळदा आढळते. खारी हवा तर दोन्ही दिव्यांना सारखीच लागते. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, थेट डोक्यावर येतो. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली सावलीची जागा) मिळालेल्या आणि न मिळालेल्या गाड्यांतला फरक इथूनच पडतो. वरळी किंवा कार्टर रोडसारख्या किनारी भागात वाळलेले मीठ आणि बांधकामाची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की बारीक ओरखडे पडतात, एवढी भर त्यात पडते. ठरल्यापेक्षा जास्त वॉटचे बल्ब बसवल्यास आतला परावर्तक व वायरिंग बिघडते. तो निराळा प्रश्न आहे.

काम हाती घेण्याआधी दिव्यावर पाणी मारून पाहावे. आवरण ओले असेपर्यंत स्वच्छ दिसले आणि वाळताच पुन्हा धुरकटले, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागात आहे: पाण्याने खाचा भरल्या की प्रकाश कमी विखुरतो. ओले असतानाही ढगाळपणा तसाच राहिला तर बिघाड आतून आहे आणि बाहेरून कितीही घासले तरी व्यर्थ. भर पावसात उभ्या गाडीचे खराब दिवेही चांगले भासतात ते याच कारणाने, म्हणून पारख नेहमी कोरड्यात करावी.

घरगुती कृती थोडक्यात अशी. दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन घेतात आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवतात. जुना लेप सुटू लागला असेल तर 600 किंवा 800 नंबरच्या वॉटर पेपरपासून (ओला वापरायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक), अन्यथा 1000 पासून सुरुवात करून 1500, 2000 आणि शक्य तर 3000 पर्यंत जातात. पेपर सतत ओला ठेवायचा. एका नंबरला आडवे घासले तर पुढच्याला उभे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच दिसते. सुरुवातीला ओघळणारे पाणी पिवळसर असते. ते दुधासारखे पांढरे येऊ लागले की मेलेला थर निघून निरोगी प्लास्टिक लागले असे समजावे. याच टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही पांढुरका, सगळा सारखा निस्तेज दिसतो आणि नवखा माणूस हबकतो. घाबरू नये, जुन्या लेपाचे बेट कुठेही शिल्लक न राहता आलेला एकसारखा निस्तेजपणा हीच नीट कामाची खूण आहे. नंतर रबिंग कंपाउंड (बारीक घर्षक लेई) मऊ कापडावर किंवा बफवर (पॉलिशच्या मऊ चकतीवर) घेऊन पॉलिश करतात. पेपर व कंपाउंड मुंबईतील नागदेवी बाजाराच्या हार्डवेअर दुकानांत सुटे मिळतात. दोन्ही दिव्यांना हाताने दोन-तीन तास सहज लागतात.

लेप हा या क्रियेचा निम्मा भाग आहे, आणि घरी तोच सर्वाधिक वगळला जातो. घासताना कारखान्याचे उरलेसुरले संरक्षणही निघालेले असते. लेप न देता सोडलेला दिवा उघड्या उन्हात काही महिन्यांतच पुन्हा पिवळा पडतो, कधी आधीपेक्षा लवकर. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर जंबुपाररोधक क्लिअर कोट (पारदर्शक लेप) देतात. दोन घटकांचा क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ, पण त्यातील आयसोसायनेट श्वासावाटे जाणे घातक असल्याने योग्य मास्क व मोकळी हवा आवश्यक. बंद स्टिल्टमध्ये तो मारू नये. पुसून लावायचे लेप सोपे असतात व कमी टिकतात. पावसाळ्यात हे काम टाळावे: दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि लेप पांढरा पडतो. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतची सकाळ उत्तम. दसऱ्याच्या गाडीपूजेआधी दिवे उजळायचे असतील तर पाऊस खरोखर उघडला आहे ना, ते पाहून घ्यावे.

टूथपेस्टचा उपाय सर्वांना माहीत आहे. तिच्यात सौम्य घर्षक असतात, त्यामुळे किंचित चमक येते, संरक्षण शून्य. डासांच्या मलमातील डीट हे द्रव्य प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून गुळगुळीत भासवते, तो परिणाम तात्पुरता आणि दिव्याला अपायकारक असतो. थिनर, ॲसिटोन व पेट्रोल यांनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या खोल भेगा पडू शकतात, ज्या मग कोणत्याही पेपरने निघत नाहीत.

परिणामाबाबत अमेरिकेतील ट्रिपल-ए या वाहनचालक संघटनेची 2018 ची चाचणी उपयुक्त आहे. तीत खराब झालेल्या जुन्या दिव्यांचा प्रकाश नव्याच्या सुमारे 20 टक्क्यांपर्यंत उतरलेला आढळला. उजळल्यानंतर तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत परतला. म्हणजे उजळलेला दिवा नव्याची बरोबरी करत नाही. धुरकट आवरण प्रकाश विखुरते, त्यामुळे समोरच्या चालकाचेही डोळे दिपतात. टॅक्सींच्या योग्यता प्रमाणपत्रासाठी आणि खाजगी मोटारीची 15 वर्षांनी नोंदणी वाढवताना आरटीओत दिवे तपासले जातात. आवरण आतून भेगाळले असेल तर पूर्ण दिवा बदलतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने दिवेही मिळतात, मात्र त्यांचा लेप बहुधा तितकाच वापरलेला असतो. काम झाल्यावर रात्री गाडी आवाराच्या भिंतीसमोर उभी करून डिपर (खाली झुकलेला झोत) पाहतात: झोताची वरची कड भिंतीवर स्पष्ट रेषेसारखी उमटली पाहिजे. ती पसरट दिसली तर कुठेतरी 1000 नंबरचे ओरखडे राहिले आहेत, आणि पुन्हा 1500 पासून घासावे लागते.