कडवटपणाला एक हॉप, वासाला दुसरा

बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स या वेलीचं फूल उभं चिरलं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड दिसते. हे ल्युप्युलिन. बिअरचा कडवटपणा येतो त्यातल्या अल्फा आम्लांमधून आणि वास येतो सुगंधी तेलांमधून. या दोघांची वागणूक उलटी असते. अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलते, तेव्हा कुठे ती उतरतात. तेलं मात्र तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात.

म्हणून उकळीच्या सुरुवातीला जातीच्या नावापेक्षा पाकिटावरचा अल्फाचा टक्का बघावा. समजा 20 लिटर बिअरला 30 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) कडवटपणा हवा आहे आणि तासाभरात पाव हिस्सा अल्फा कामी येतं. जर्मनीतला मॅग्नम हा हॉप 12 टक्के असेल, तर 20 ग्रॅम पुरतो. चेक प्रजासत्ताकातला साझ 3 टक्के असेल, तर 80 ग्रॅम लागतो. एवढ्या पाल्यात बराच वर्ट (मोड आणलेल्या धान्याचा, म्हणजे माल्टचा, उकळायचा गोड काढा) शोषला जातो, चव गवताळ-तुरट होते आणि ज्या वासासाठी साझ महाग घ्यायचा तोच उरत नाही. पिल्सनर या फिक्या रंगाच्या बिअरला सुरुवातीला मॅग्नम आणि शेवटच्या दहा मिनिटांत 30 ग्रॅम साझ, ही जोडी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. टक्का दर हंगामात बदलतो, त्यामुळे मागच्या वेळचे ग्रॅम डोळे झाकून वापरू नयेत.

शेवटच्या हॉप्सना मात्र नावच महत्त्वाचं. 1972 साली अमेरिकेत आलेला कॅस्केड ग्रेपफ्रूटसारखा लागतो, सिट्रा आंबा-लिचीकडे झुकतो. पेल एल या बिअरला दोन्ही शोभतात. हलक्या लागर बिअरमध्ये सिट्रा माल्टच्या चवीला पार झाकून टाकतो. वर्ट 80 अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून वीस मिनिटं हॉप्स मुरवले, तर तेलं टिकतात आणि कडवटपणा फारसा वाढत नाही.

आंबवण संपल्यावर न उकळता हॉप्स घालायचे असतील, तर 20 लिटरला 60 ते 100 ग्रॅम, तीन दिवस. इथे एक धोका आहे. हॉप्समधली विकरं (एन्झाइम्स) उरलेल्या डेक्स्ट्रिनची, म्हणजे यीस्टला न पचलेल्या पिष्टाच्या तुकड्यांची, साखर करतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागून वायू सोडतं. घाईने बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात. बिअरची घनता दोन-तीन दिवस स्थिर राहिली की मगच भराव्यात.

आणि पाकीट उघडताच जुन्या चीजसारखा वास आला, तर ते हॉप्स वासासाठी वापरूच नयेत.