पाण्यातून नेमकं काय काढून घेतात? खोपोली, भिवपुरी, भिरा

‘वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस उरत नाही, ते पिकाला लागत नाही.’ स्वातंत्र्यानंतर मोठी धरणं उभी राहत होती तेव्हा ही समजूत देशात पसरली होती आणि ती अजूनही अधूनमधून कानावर येते. शिकलेली माणसंसुद्धा हे खात्रीनं सांगतात. पाण्यातून खरोखर काय काढलं जातं हे समजून घ्यायचं असेल, तर लोणावळ्याच्या खाली, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीला जावं. तिथलं पॉवर हाउस फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झालं आणि तिथे आजही वीज तयार होते.

त्या काळी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालायच्या. घाटातल्या पावसावर वीज करून ती मुंबईला आणायची ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले, पण १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९११ मध्ये लोणावळ्याला पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवलं गेलं. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये कर्जतजवळचं भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळशीच्या पाण्यावर १९२७ मध्ये भिऱ्याचं केंद्र सुरू झालं.

या तिन्ही ठिकाणांमागची भूगोलाची युक्ती मला अफाट वाटते. इंद्रायणी, आंध्रा आणि मुळा या घाटमाथ्यावर उगम पावणाऱ्या नद्या. त्या पूर्वेला वाहतात आणि भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतात. म्हणजे सहाशे मीटरच्या आसपासची उंची त्या हजार किलोमीटरहून लांब वाटेवर थोडी थोडी उतरतात. तेच पाणी कड्यावरून पश्चिमेला सोडलं की पाचशे मीटर एका दमात मिळतात. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे जाड पाइप दिसतात ना, ते या पाचशे मीटरचे पाइप.

हिशेब शाळेतलाच आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आलं की सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रांतली घट वजा केली तरी हजार लिटरमागे एक युनिटहून थोडी जास्त वीज हाती लागते. ३० मीटर उंचीच्या धरणाच्या पायथ्याशी तेवढ्याच विजेला १७ हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. वीज उंचीत असते, पाणी फक्त ती उंची वाहून आणतं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या यंत्राकडे, म्हणजे पाण्याच्या धारेनं फिरणाऱ्या पेल्टन चाकाकडे (हे टर्बाइनच), येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या खाणभागात काम करणाऱ्या लेस्टर पेल्टन यांनी १८८० मध्ये या चाकाचं पेटंट घेतलं. पाइपच्या तळाशी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट होतो. नोझलमधून, म्हणजे पाइपच्या अरुंद तोंडातून, ते सुटतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे असतो. ही धार चाकाच्या परिघावर बसवलेल्या वाट्यांवर आदळते. नळाखाली चमचा धरला की पाणी कडेनं वळून उलट अंगावर उडतं, तसंच इथे घडतं. प्रत्येक वाटीच्या मधोमध एक धारदार कणा असतो. तो धारेचे दोन भाग करतो आणि दोन्ही भाग जवळपास पूर्ण वळून मागे फिरतात.

खरी गंमत वेगात आहे. वाटी स्थिर असती तर पाणी तितक्याच वेगानं परतलं असतं, काम शून्य. वाटी धारेइतक्याच वेगानं पळाली असती तर पाणी तिला गाठूच शकलं नसतं, तेव्हाही काम शून्य. समजा, धारेचा वेग १०० आणि वाटीचा ५० आहे. वाटीच्या दृष्टीनं पाणी ५० नं आत येतं आणि ५० नं मागे जातं. पण वाटी स्वतः ५० नं पुढे चालली आहे, म्हणून जमिनीवर उभ्या माणसाला परतणाऱ्या पाण्याचा वेग दिसतो शून्य! पाणी आपली सगळी गतिज ऊर्जा चाकाला देऊन नुसतं खाली पडतं. प्रत्यक्षात त्याला वाटीबाहेर निघून जाता यावं म्हणून थोडा वेग शिल्लक ठेवावा लागतो. चाकाचा वेग त्यामुळे निम्म्याहून किंचित कमी, सेकंदाला ४६ मीटरच्या आसपास ठेवतात. ५० हर्ट्झची वीज हवी आणि जनित्राला चुंबकीय ध्रुवांच्या १० जोड्या आहेत असं धरा. मग मिनिटाला ३०० फेऱ्या हव्यात आणि चाकाचा व्यास आपोआप ठरतो, सुमारे तीन मीटर.

मुंबईतली मागणी अचानक कमी झाली तर? पाणी झटकन बंद केलं तर एवढ्या लांब पाइपातलं धावतं पाणी थबकून दाबाची लाट उसळेल आणि पाइप फाटू शकेल. म्हणून आधी एक पातं धारेत शिरून तिला चाकापासून बाजूला वळवतं आणि धार कमी-जास्त करणारी नोझलची सुई मागाहून, सावकाश बंद होते.

यात पाण्याचं रसायन कुठे बदललं? कुठेच नाही. क्षार तेच, विरघळलेला प्राणवायू तसाच. बदल शोधायचाच असेल तर थर्मामीटर घ्या. हेच पाणी धबधबा होऊन कोसळलं असतं तर सगळी ऊर्जा उष्णतेत जाऊन ते जेमतेम १.२ अंश सेल्सिअसनं तापलं असतं. टर्बाइनमधून आलेलं पाणी तेवढं तापत नाही, इतकाच काय तो फरक. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेला, भिवपुरीचं उल्हासला आणि भिऱ्याचं कुंडलिकेला मिळतं. त्यावर कारखाने आणि शहरं जगतात, आणि कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही भिऱ्यातून पाणी सोडतात म्हणून.

पाण्याचा कस गेला नाही, पण या विजेची किंमत कुणीतरी मोजलीच. मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तरीही धरण झालं आणि गावं, भातखाचरं पाण्याखाली गेली. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की पश्चिमेला वळवलेल्या पाण्याचा प्रश्न पुन्हा वर येतो. हा प्रश्न मला पूर्ण रास्त वाटतो. त्यावर भांडण व्हावं, पण ते ‘निःसत्त्व पाण्या’च्या नावानं होऊ नये.

याच काळातलं दुसरं केंद्र म्हणजे ठाकुर्लीचं चोळा पॉवर हाउस. रेल्वेनं विजेच्या गाड्यांसाठी ते कोळशावर उभारलं होतं आणि १९८० च्या दशकात ते बंद झालं. कोळशाच्या केंद्रात बॉयलर, नळ्या, राखेची व्यवस्था असं सगळंच झिजतं आणि वर इंधन रोज विकत आणावं लागतं. जलविद्युत केंद्रात चाक बदलता येतं, जनित्र बदलता येतं आणि कडा आहे तिथेच राहतो. खोपोलीची यंत्रं बदलली, तरी १९१५ ची जागा चालू आहे. पुढे कोयनेनंही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. तिचं पाणी पोफळीच्या भूमिगत केंद्राकडे पश्चिमेलाच उतरतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये शिरोता आणि भिवपुरी इथे मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात करार झाला. अशा बातम्यांनंतर ‘पाणी वर चढवा, खाली सोडा, फुकट वीज मिळवा’ छापाचे व्हिडिओ फिरतात. ते धादांत खोटे आहेत. उदंचन म्हणजे साठवण. दुपारी सौर वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. चढवायला १०० युनिट खर्च केले तर परत मिळतात साधारण ७५ ते ८०. भिऱ्याला १५० मेगावॉटचा असा संच १९९० च्या दशकापासून आहे. संध्याकाळच्या त्या ७५ युनिटांसाठी दुपारच्या स्वस्त विजेतली २५ युनिटं गमावणं परवडतं का, यावर या नव्या प्रकल्पांचं गणित ठरणार आहे.