चौपट तांबं, पण चौपट करंट नाही

घराला आग लागली की बातमीत 'शॉर्टसर्किटमुळे' एवढं छापून येतं आणि विषय मिटतो. पण दोन तारा एकमेकींना टेकण्याआधी त्यांच्यावरचं प्लास्टिक गेलं कुठे? अनेकदा ते बारीक वायरीवर टाकलेल्या जास्तीच्या लोडने महिनोन् महिने भाजून काढलेलं असतं.

इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये दाखवून दिलं, की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. त्याच लाइनवर एक किलोवॅटची इस्त्री लावली की साडेसतरा. लाइन दिव्या-पंख्यांसाठी टाकलेली १ एमएमची असेल, तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा मिळून दर मीटरला १० वॅटहून जास्त उष्णता निघते, तीही भिंतीतल्या बंद पाइपात. वायरीवरच्या साध्या पीव्हीसी प्लास्टिकची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. त्यात तांबं ३० अंशांवरून ७० वर गेलं की त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे आणखी उष्णता.

मग ४ एमएमची वायर चौपट करंट वाहील? मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे दिसते. 'एमएम' हा बोलण्यातला शब्द; आकडा असतो छेदाच्या क्षेत्रफळाचा, चौरस मिलिमीटरमध्ये. १ चा व्यास १.१३ मिलिमीटर, ४ चा २.२६. क्षेत्रफळ चौपट, म्हणून रोध पाव. पण उष्णता बाहेर पडते पृष्ठभागातून, आणि परीघ झाला फक्त दुप्पट. तापमान तेवढंच ठेवायचं तर उष्णताही दुपटीपलीकडे नेता येत नाही. रोध पाव आणि उष्णता दुप्पट, म्हणजे करंटचा वर्ग आठपट, करंट २.८ पट. तक्त्यांत तर याहून थोडा कमीच भरतो, कारण वेष्टण आणि पाइपातली हवाही उष्णता अडवून धरतात.

'एफआर' वायर म्हणजे जास्त लोडची वायर, हाही गैरसमज. तिचं वेष्टण ज्योत पसरू देत नाही, एवढंच. आणि वास्तुशास्त्रात सांगितलं म्हणून बोर्ड आग्नेयेला नेऊन वायर घरभर फिरवू नका. तांब्याला दिशा कळत नाही. लांबी वाढली की व्होल्टेज मात्र वाटेतच पडतं.

सगळ्यात घातक सवय एमसीबीची, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचची. तो उपकरणासाठी नाही, वायरीच्या रक्षणासाठी असतो. १० अँपिअरचा सारखा पडतो म्हणून ३२ चा बसवला, की तक्रार थांबते आणि वायर भिंतीत तापत राहते. ३ किलोवॅटच्या गिझरला ४ एमएमची स्वतंत्र लाइन ओढून घ्या, तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी बसवा, आणि इस्त्रीचा सॉकेट त्या लाइनवर देऊ नका.